एक जखमी कमी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, बढतीवर निघालेले आपले उपायुक्त साहेब आणि समोर बसलेल्या माझ्या पोलीस बंधू-भगिनींनो,

पोलीस रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेला निरोपाचं भाषण करायला सांगितलं, हा मान मोठाच. भाषण आधी ऑफिसात दाखवा, असंही कळवलं. आता, कौतुकच करायचं तर ते तपासायचं कशाला? आमचे हे म्हणतात, दूधवाल्याने माप जास्त घातलं तरी तुला संशय येतो. येतो खरा.

साहेबांचा कामाचा उरक दांडगा. निवडणुकीच्या निकालावरून दंगल पेटली, त्या दुपारी पहिली रुग्णवाहिका आमच्या दारात यायच्या आधीच टीव्हीवर आकडा आला, दंगलखोरांच्या दगडफेकीत सत्तर पोलीस जखमी! मग सत्तर भरायला नकोत? डोकी फुटलेले आले, हात मोडलेले आले, त्यांचं दुखणं खरं होतं, त्यांना मी हात जोडते. पण एकाला नवा बूट चावला होता, तोही जखमींत. मी विचारलं, तर मलाच जरा विश्रांती घ्यायला सांगितलं.

आणि यादीतून राहिले कोण, तर पोलीस व्हॅनचे ड्रायव्हरभाऊ. उजवा डोळा गेला त्यांचा. साहेब स्वतः खाटेशी बसले, सफरचंद कापून दिलं. मी शेजारीच सलाईन बदलत होते. साहेबांनी मायेने विचारलं, "दगडच होता ना?"

ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "साहेब, दगडातून धूर निघत नाही. आपल्याच अश्रुधुराचं नळकांडं होतं ते."

साहेब उठले. दुसऱ्या दिवशी यादी सत्तरचीच लागली, त्यात ड्रायव्हरभाऊ नाहीत. म्हणजे कामावर जखमी झालेच नाहीत, म्हणून आता भरपाईशिवाय घरी बसायचं. घरी दोन शाळकरी मुली आहेत. मला याची चीड येते, आणि ती मी लपवत नाही.

साहेब, तुमची सही आज ऑफिस सुटेपर्यंत चालते, असं हेडक्लार्क सांगतात. सत्तरचे एकाहत्तर केले तर बढती अडेल, असं मला तरी वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल, तर तसं इथेच सांगा.

आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात पायरी सोडली असेन, तर सांभाळून घ्या. ड्रायव्हरभाऊ मागच्या रांगेत बसलेत, त्यांना मी वर बोलावते. साहेब, त्यांना डाव्या बाजूने हात द्या. उजवीकडचं त्यांना दिसत नाही.