ध्रुव येईपर्यंत

आजच्या या घरगुती समारंभाचे अध्यक्ष आदरणीय नागनाथरावकाका, व्यासपीठावर शाल-श्रीफळ घेऊन संकोचून बसलेले आपले सत्कारमूर्ती भीमरावकाका आणि मीराबाईकाकू, आपल्या मराठी मंडळाचे सगळे पदाधिकारी, शास्त्री नगरपासून थेट रेल्वे कॉलनीपर्यंत जिथून जिथून कोणी रिक्षा, स्कूटर करून विद्याधर नगरच्या या हॉलमध्ये पोचलं आहे ते सगळे काका-काकू, आणि मराठी सगळं कळतं पण बोलायला लाज वाटते अशी मागच्या खुर्च्यांवरची बच्चेकंपनी, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

एवढं लांब संबोधन का केलं? कारण ते मी याच हॉलमध्ये शिकले. माझी आई, विभा, दर रविवारी इथे आपल्या मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची. भाषण कसं करायचं ते तिने आम्हाला घोटून घोटून शिकवलं. आधी अध्यक्ष, मग पाहुणे, मग श्रोते. मधे काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण शेवटी आभार मानायचे आणि चुकलंमाकलं असेल तर क्षमा मागायची. ध्रुवसुद्धा त्याच वर्गातला. तो क्षमा इतक्या घाईने मागायचा की भाषण त्यातच संपायचं.

तर आज आपण भीमरावकाकांच्या ध्रुवला निरोप द्यायला जमलो आहोत. बुधवारी तो दिल्लीहून विमानात बसेल आणि इंग्लंडमध्ये लीड्स नावाच्या गावी उतरेल. शिष्यवृत्ती मिळाली आहे, बियाण्यांवर काम करणार आहे. मी त्याच गावात राहून आले, म्हणून निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे लिहिलंय, 'परदेशी विद्यापीठाच्या गावी जाणाऱ्यांसाठी व्यावहारिक सूचना'. आणि नागनाथरावकाकांनी काल फोनवर बजावलं, "सलोनी बेटा, व्यावहारिकच बोल हं. बाकीचं नको."

बाकीचं म्हणजे काय, हे या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. मागच्या पोरांनासुद्धा शपथा घालून झाल्या आहेत. माहीत नाही ते फक्त ध्रुवला. आणि तो दुर्गापुऱ्याला, संशोधन केंद्रातल्या आपल्या सरांच्या पाया पडायला गेलाय. टोंक रोडवर ही गर्दी, तो लवकर येत नाही. तो येईपर्यंत माईक माझ्याकडे आहे.

प्रभावतीकाकू, तुम्ही दाराजवळच आहात. त्याची स्कूटर दिसली की हात वर करा. तुम्हाला ते जमेल. तुम्ही याहून अवघड कामं केली आहेत.

भीमरावकाका, तुमच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर होळीच्या पुढचं काही बोलत नाहीत. ध्रुवचा अभ्यासक्रम संपतो पुढच्या सप्टेंबरात. हे मी तुम्हाला सांगायला नको, पण कोणीतरी एकदा मोठ्याने बोलायला हवं होतं. पंखे फुल स्पीडवर असताना तुम्ही ती शाल गच्च धरून बसला आहात. पोराला वाटेल, बाबांना सत्काराची केवढी अपूर्वाई!

अध्यक्ष महोदय, चिठ्ठी मिळाली. 'विषयावर या.' काका, मी विषयावरच आहे. याहून व्यावहारिक माझ्याकडे काही नाही.

दोन वर्षांपूर्वी मी लीड्समध्ये होते तेव्हा माझी आई आजारी पडली. मला सांगायचं नाही असं ठरलं. कोणी ठरवलं? माझ्या बाबांनी. वसंतराव, विमा कंपनीतले अधिकारी, दुसऱ्या रांगेत बसलेत, मान खाली आहे. पण एकट्या बाबांना काय जमणार होतं? त्यांना तर चहासुद्धा नीट लपवून पिता येत नाही. हे काम मंडळाने केलं. आपण गणपती बसवतो ना, वर्गणीपासून विसर्जनापर्यंत, कुणाला काही सांगावं लागत नाही, तसं. "परीक्षा होऊ दे, मग सांगू," एवढं एक वाक्य ठरलं आणि सगळं मंडळ कामाला लागलं. वेबकॅम बिघडला म्हणून कळवलं. दिवाळीचा जुना फोटो ईमेलने आला. आईचा आवाज खोल गेला, तर कारण मिळालं की हळदीकुंकवात गाणी म्हणून घसा बसलाय. आणि फोन उचलायला प्रभावतीकाकू. मतलब, काय सांगू तुम्हाला, इतक्या सफाईने की मला कधी एवढीशीसुद्धा शंका आली नाही.

आईशी माझं शेवटचं बोलणं कशावर झालं? तुपावर. माझ्या रूममेटने माझं तूप संपवलं होतं. इथून नेलेलं, आईने कढवलेलं. मी फोनसाठी घेतलेलं पूर्ण कॉलिंग कार्ड त्या तुपावर घालवलं. ती चोरटी आहे, ती ब्रेडला लावून खाते, मी डब्यावर नाव लिहिलं तरी खाते. आई मधे मधे हसत होती आणि म्हणत होती, "बरं, मग? अजून सांग." मी म्हटलं, कार्ड संपतंय, रविवारी बोलू.

त्या रविवारी काकू म्हणाल्या, आई देवळात गेलीय. पुढच्या रविवारीही देवळात. माझ्या आईला देवळाची फारशी ओढ नव्हती, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी मी म्हटलं, बरं, आल्यावर सांगा. आणि बसले अभ्यासाला.

परीक्षा संपल्यावर मी फोन केला तर अर्धं मंडळ आमच्या घरी होतं. मला धीर द्यायला. फोन स्पीकरवर ठेवला होता. तोवर आईचं तेरावंही उरकलं होतं.

आणि ज्या पदवीसाठी हे सगळं केलंत, ती मी घेतलीच नाही. प्रबंध तिथेच टाकून आले. दोन वर्षं झाली, इथे पोरांना इंग्रजी शिकवते आणि समारंभात व्यावहारिक सूचना देते.

नाही, प्रभावतीकाकू, रडू नका. तुमचं लक्ष दारावर राहू द्या.

मी रागावले आहे का? हो, आहे. पण तुम्ही वाईट माणसं असता तर सोपं होतं. तुमच्यातल्या प्रत्येकाने माझ्या आईचे पाय चेपले आहेत, रात्री तुम्ही तिच्या उशाशी बसला आहात. जे मी करायला हवं होतं ते सगळं तुम्ही केलंत. माझ्यासाठी काही उरवलं नाही, एवढीच तक्रार आहे.

ध्रुवला माझी ही गोष्ट माहीत आहे बरं का. मागच्या आठवड्यात मला म्हणाला, "दीदी, तुमच्यासोबत फार वाईट झालं. माझे बाबा असं कधी करणार नाहीत." मी त्याला विचारलं, गरम कपडे घेतलेस का.

काय म्हणालात, भीमरावकाका? माईक नाही तिकडे, मी सांगते सगळ्यांना. काका म्हणतात, "त्याले सांगतलं तर तो जाईन काय?" नाही जाणार, काका. मला माहीत आहे. बॅग उघडेल, कपडे परत कपाटात ठेवेल. काका म्हणतात, "मी पोराले इथवर आणलं ते माह्या उशाशी बसवाले नाही."

अकोल्याहून बदलीवर आलात, रेल्वेत रात्रपाळ्या केल्यात, तुमच्या घरातला तो पहिलाच बाहेर निघालाय. तो थांबला तर तुम्ही जाताना हे ओझं घेऊन जाल. तो गेला तर ते तो जन्मभर वाहील. मधली वाट मी दोन वर्षं शोधते आहे. ती नाही, काका. सांगितलं असतं तरी माझी आई वाचली नसती. मी चार महिने इथे बसून तिला झिजताना पाहिलं असतं, इतकंच.

काय? ... काका म्हणतात, "तुह्या मायले ते तुपाचंच आयकाचं होतं, बाई."

असेल. हसत होती खरी. त्या घरात तेव्हा तिच्यापाशी आजाराशिवाय दुसरं काही बोलणारी मी एकटीच होते. पण काका, ते मी ठरवून केलं असतं ना! कार्ड संपलं असतं तर दुसरं घेतलं असतं. रविवारची वाट पाहिली नसती. मला विचारायला हवं होतं, बस. ध्रुवलाही विचारा. आज घरी गेल्यावर, जेवायच्या आधी. मीराबाईकाकू, निदान तुम्ही तरी माझ्याकडे बघा. तुम्ही तोंडाला पदर लावून बसला आहात, म्हणजे तुमच्या मनात...

हात वर झाला. आला ध्रुव.

या, या, उत्सवमूर्ती! ये, पुढे ये, तुझी खुर्ची आईजवळ आहे. सर भेटले? छान. आम्ही तुझ्याच सामानाची चर्चा करत होतो. आईच्या डोळ्यांचं म्हणतोस? अरे, पोरगा चाललाय, आई रडणारच. आणि बाबांना शाल आवडली आहे, सोडायलाच तयार नाहीत.

तर, विद्यार्थी मित्रांनो, व्यावहारिक सूचना.

जाड कोट इथून नेऊ नकोस. बापू बाजारात मिळतो तो कोट त्या वाऱ्यात टिकत नाही. तिथे वापरलेल्या कपड्यांची दुकानं असतात, तिथून घे, लाज बाळगू नको. तीन पिनांचा प्लग वेगळा असतो, तो मात्र इथूनच ने. प्रत्येक वस्तूच्या किमतीचे रुपये करत बसलास तर उपाशी राहशील. बँकेत खातं उघडायला विद्यापीठाचं पत्र लागतं, ते पहिल्याच आठवड्यात मागून घे. लोणचं दोन पिशव्यांत बांध. तूप फ्रिजमध्ये ठेवू नकोस, आपल्या खोलीत ठेव.

आणि फोन. रविवारीच करायचा असं ठरवू नकोस. बुधवारी कर, शुक्रवारी कर, घरात कोणी तयार नसेल अशा वेळी कर. आईशी बोल, पण बाबांनाही बोलाव. भीमरावकाका फोनवर बोलत नाहीत, "हा, ठीक, ठेवतो," एवढंच म्हणतात, तरी ठेवू देऊ नकोस. बारीकसारीक सांगत राहा. कोणी तुझं तूप खाल्लं तर तेही सांग. ते "अजून सांग" म्हणाले तर सांग, रे. कार्ड संपलं तर खाली दुकान असतं, ते उघडं असतं.

परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येते का, ते आजच विचारून ठेव. सगळेच विचारतात. बाकी काही नाही.

काय रे? प्रश्न आहे? विचार ना, मोठ्याने विचार.

ध्रुव विचारतोय, तिथे सगळ्यात अवघड काय असतं.

...

काका, तुम्ही हात जोडू नका. तुम्ही मोठे आहात. कृपा करून हात खाली घ्या. नाही, ध्रुव, तुला नाही, बाबांना म्हणते आहे. ते मला म्हणतायत, भाषण आवर, जेवण थंड होतंय.

सगळ्यात अवघड काय असतं?

थंडी, ध्रुव. थंडी फार असते.

बस, हेच. मला इथे उभं केलंत त्याबद्दल अध्यक्षांचे आणि मंडळाचे आभार. या मंडळाला काहीही सांभाळायला दिलं तर ते नीट सांभाळलं जातं, हे मी अनुभवाने सांगते. दाराशी बसलेल्या प्रभावतीकाकूंचेही आभार. बाबा, मला घरी घेऊन चला, मी जेवायला थांबत नाही.

आणि आईने शिकवलेलं शेवटचं वाक्य राहिलं. ते मी हॉलला म्हणत नाही, ध्रुव, फक्त तुला म्हणते. माझ्या बोलण्यात काही सांगायचं राहून गेलं असेल, तर मला क्षमा कर. आत्ता नको, आत्ता तू टाळ्या वाजवशील. होळीनंतर कधीतरी कर, जमलं तर.