पानाखालची उत्तरं

...आणि वरून बायको मलाच विचारायची, "अहो, तुमच्या त्या वेबसाइटवर दुसरं कोणी बोलतं का, की दिवसभर तुम्ही एकटेच?" आता ह्याला काय उत्तर देणार, सांगा. कोण बोलणार? माझी वेबसाइट स्टॅटिक. म्हणजे घरी बसून पानं लिहायची, कॉम्प्युटरवर तयार करायची आणि इंटरनेटवर नेऊन ठेवायची, संपलं. तिथं लॉगिन नाही, लाइक नाही, खाली प्रतिक्रिया लिहायला चौकट नाही. भिंतीवर कॅलेंडर लटकतं तशी लटकते बिचारी. माझी तक्रार नाहीये हां, तुम्हाला फक्त सांगतो.

मी श्रीरंग. मोजणी खात्यात नकाशे काढता काढता रिटायर झालो. संभाजीनगरात बीड बायपासच्या कडेला आमची कॉलनी. बायको उमा, आणि मुलगी मृण्मयी पुण्याला, कॉम्प्युटरवाली. ही वेबसाइट तिनंच उभी करून दिली. "बाबा, घरात आईला जे जे सांगता ना, ते इथं लिहा." आईची सुटका करायची होती, दुसरं काय? मग मी लिहायला लागलो, आपलं शहर कसं पसरलं ते... जिथं आज मोबाइलचं शोरूम आहे तिथं ज्वारी होती, अमका ओढा तमक्या अपार्टमेंटच्या पार्किंगखाली गेला, असलं सगळं.

त्यातलं एक पान मेंढरांच्या तळावर होतं. आमच्या कॉलनीसमोर तेव्हा मोकळं रान होतं, आणि होळी झाली की तिथं मेंढपाळांची पालं पडायची. मोठा दुष्काळ पडला ना, त्या वर्षीही आले. आम्हालाच टँकर, आणि हे मेंढरं घेऊन दारात. म्हाळसाबाई म्हणून एक बाई हंडा घेऊन यायची आणि उमा आमच्या टाकीतून भरून द्यायची. कॉलनीचे अध्यक्ष काकासाहेब, त्यांचा आवाज असा नाकातून, "वहिनी, पाणी टँकरचं आहे... ते माणसांसाठी आहे, मेंढ्यांसाठी नाही." उमा काय म्हणाली माहितीये? "मी बाईला देते. पुढं ती कोणाला पाजते हे मी कशाला विचारू?" काकासाहेब आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. फार शांत गेला तो आठवडा.

त्याच उन्हाळ्यात उमाची आई गेली. हिनं बोलणंच टाकलं. मी समजूत घालायला जायचो आणि नकाशावर बोलत बसायचो, मला दुसरं येतं काय? तर ही म्हाळसाबाई हंडा भरला तरी जायची नाही, पायरीवर बसायची. कधी बोलायची, कधी नुसतीच लोकर पिंजत बसायची. हळूहळू उमा तिच्याशी बोलायला लागली. जाताना घोंगडी देऊन गेली ती उमाला. आणि पुढच्या वर्षी समोरच्या रानाला पत्रे लागले, पाया खणला, इमारती उठल्या... मेंढरं कुठं उतरणार, चौथ्या मजल्यावर? आली नाहीत. उमा दर होळीनंतर गॅलरीत उभी राहायची. मी विचारलं तर म्हणायची, "कपडे वाळलेत का बघते." वाळत घातलेलेच नसायचे हो.

म्हणून ते पान लिहिलं, आणि शेवटी लिहिलं, "ती माणसं पुढे कुठे गेली, कळले नाही." लिहून मोकळा झालो.

तर उमाच्या त्या टोमण्यावर मी मृण्मयीला फोन लावला. म्हटलं, माझ्याशी कोणी बोलत नाही, काहीतरी कर. ती म्हणाली, "बाबा, तुमच्याबद्दल कोणी स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलं, तर त्यांची साइट तुमच्याकडं निरोप धाडते, की मी तुमचा उल्लेख केलाय. त्याला वेबमेन्शन म्हणतात. निरोप घेणारी एक सेवा असते, ती मी तुमच्या साइटला सुरुवातीलाच जोडून ठेवलीय. तुम्ही निरोप कधी उघडून पाहिलेच नाहीत." आता दारावर टपालपेटी लावून द्यायची आणि घरमालकाला सांगायचंच नाही, ही कुठली पद्धत? ती म्हणते, सांगितलं होतं. सांगितलं असेल. माझी तक्रार नाहीये, तुम्हाला फक्त सांगतो.

म्हटलं, मी स्वतःच जोडतो. कुठूनतरी सात-आठ ओळी उचलून आणल्या आणि पानाखाली चिकटवल्या. कोणी पान उघडलं की ते त्या सेवेला विचारणार, काय हो, आलं का काही? आणि आलेलं दाखवणार. काकासाहेबांना मुद्दाम चहाला बोलावलं, पान उघडलं... खाली एक गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. काकासाहेब नाकातून, "श्रीरंगराव, हे चक्र सुंदर आहे. आणखी काय होतं?" आणखी काही झालंच नाही. ती सेवा त्या दिवशी झोपलेली.

मृण्मयी म्हणाली, "दर वेळी मागायला जाऊ नका. पहाटे साइट आपोआप नव्यानं तयार होते ना, तेव्हाच सगळी उत्तरं एकदा आणायची, आपल्याकडं फाइलमध्ये ठेवायची आणि पानातच छापायची. कॅश करायची." फोन स्पीकरवर होता. उमा स्वयंपाकघरातून, "कॅश? घरात कॅश कशाला ठेवायची आता?" मी समजावलं, की अगं, नळ येतो तेव्हा आपण ड्रम भरून ठेवतो ना, तसं. "मग भरा म्हणा," म्हणाली, "ड्रम म्हटलं असतं तर आधीच कळलं असतं."

पोरीनं तिकडून जोडून दिलं. सकाळी पाहतो तर काय, पानापानाखाली उत्तरं... मी चष्मा पुसला. "श्रीरंग यांनी या पानाचा उल्लेख केला." त्याखाली, "श्रीरंग यांनी या पानाचा उल्लेख केला." अहो, माझंच एक पान माझ्याच दुसऱ्या पानाचा उल्लेख करतंय आणि मलाच कळवतंय. उमा मागं येऊन उभी. "बरंय की. आता तुम्ही स्वतःलाच उत्तरं देताय." मग पुन्हा फोन, पुन्हा पोरीची बोलणी, आणि माझे मला आलेले निरोप गाळायची सोय केली. दुसऱ्या दिवशी सगळी पानं परत कोरी...

एक सोडून.

मेंढरांच्या तळाच्या पानाखाली एक उत्तर होतं. उमा तेव्हा बहिणीकडं बिडकीनला गेलेली, घरात मी एकटाच. नाव प्रांजली. आणि लिहिलं होतं, "काका, तुम्ही लिवलंय ती माणसं कुठं गेली कळलं नाय. आमी कुटंच गेलो नाय, फर्दापूरला हावोत. तुमी इमारती बांधल्या म्हणून रस्ता बदलला. मी तेव्हा ल्हान होते. म्हाळसाबाई माझी आज्जी. ती इचारते, ती टाकीवाली बाई बोलती का आता?"

मी वाचलं. परत वाचलं. मग तारीख पाहिली, तर उत्तर मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं. वर्षभर एक म्हातारी विचारतेय, बाई बोलते का, आणि मी इथं घरात कुरकुरतोय की माझ्याशी कोणी बोलत नाही.

उमा संध्याकाळी परतली. म्हटलं, हिला थेट त्या मुलीच्या वेबसाइटवरच दाखवू, फोटोबिटो असतील. लिंक दाबली. "हे पान सापडले नाही." परत दाबली. नाही. मृण्मयीला विचारलं तर म्हणाली, ज्या फुकटच्या जागेवर प्रांजलीनं साइट मांडली होती ती जागाच बंद झालीय, सगळी पानं गेली. उमा म्हणाली, "काय दाखवणार होता?" मी आमचंच पान उघडलं. खाली पाहिलं. उत्तर होतं... फाइलमध्ये भरून ठेवलेलं, जसंच्या तसं. तिची अख्खी साइट पुसली गेली आणि हे एवढं आमच्या ड्रममध्ये राहिलं.

उमानं वाचलं. आत गेली आणि येताना पिशवी घेऊन आली. "उद्या पहिल्या गाडीनं."

अजिंठ्याचा तो रस्ता तेव्हा खोदलेला, धूळ विचारू नका. पावसानं परत दडी मारलेली, दोन्ही बाजूंना रान करपलेलं. उमा बाहेर बघतच नव्हती. फर्दापूरला उतरून चहावाल्याला विचारलं तर त्यानं हात केला, समोरच्या लॉजवर. प्रांजली तिथं काउंटरवर, पाहुण्यांशी हिंदी-इंग्रजीत बोलत होती. मी नाव सांगितलं तशी म्हणाली, "काका, मी उत्तर धाडलं होतं. तुमच्या साइटवर दिसलंच नाय. मला वाटलं, शिकलेली माणसं, आमचं कशाला ठेवतील." मोबाइल काढला आणि पान दाखवलं. तिचं तिनं वाचलं. "माझ्याकडं तर आता हे बी नव्हतं," म्हणाली.

घर मागंच होतं. म्हाळसाबाई बाजेवर बसलेली, डोळ्यांना कमी दिसतं आता. उमा समोर जाऊन उभी राहिली आणि पुन्हा तेच, तोंडातून शब्द नाही. म्हातारीनं हात चाचपला, मनगट धरलं. "लई वाळलीस गं." आणि उमा बोलायला लागली. अहो, बोलायला लागली म्हणजे... मी बाहेर जाऊन प्रांजलीच्या बापाची, अजिनाथची, उरलेली मेंढरं पाहून आलो, चहा झाला, दुसरा चहा झाला, ह्यांचं चालूच. मधेच म्हातारीनं विचारलं, "तो नाकातून वरडणारा जिता हाय व्हय?" उमा म्हणाली, आहे, अजून अध्यक्षच आहे. दोघी इतक्या हसल्या की प्रांजली लॉजवरून पळत आली.

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? नाहीचये, तुम्हाला फक्त सांगतो. मृण्मयीनं प्रांजलीला नवी साइट काढून दिली, स्वतःच्या मालकीची. ती आज्जीला विचारून मेंढरांचे जुने रस्ते लिहिते, आणि माझ्या नकाशांखाली तिची उत्तरं येतात... "काका, हितं ओढा नव्हता, पाणवठा व्हता." मी नकाशा दुरुस्त करतो. तिचं बघून बिडकीनचे, पैठणचे लोक लिहायला लागलेत, रोज सकाळी काहीतरी नवं असतं. यंदा होळीनंतर म्हाळसाबाई आमच्याकडं राहून गेली. काकासाहेब भेटायला आले आणि चक्क खालच्या आवाजात बोलले.

आणि ह्या सगळ्यात प्रांजलीनं जाता जाता उमालाही साइट काढून दिली. मोबाइलवरून लिहिते ती. मला वाटलं, पाककृती लिहील. तर पहिलंच पान तिनं माझ्या त्या मेंढरांच्या पानाला उत्तर म्हणून लिहिलं, "श्रीरंग यांनी 'आम्ही पाणी दिले' असे लिहिले आहे. आम्ही म्हणजे मी. हे तेव्हा ऑफिसात होते." पहाटे ते आपोआप आलं आणि माझ्या पानाखाली छापलं गेलं.

मी पुसलं. दुसऱ्या सकाळी परत हजर. परत पुसलं, परत हजर. मृण्मयीला फोन केला तर म्हणते, "बाबा, एकही उत्तर हरवू नये असं फर्दापूरहून आल्यावर तुम्हीच म्हणाला होतात. आईच्या साइटवर आहे तोवर ते येतच राहणार."

मग सोडून दिलं. त्याच्या खाली फक्त एक ओळ घातलीय मी, "वरील मजकूर बरोबर आहे."