सदू परबने लावलेला अन्वय

मंडळी, चाळीच्या या पटांगणात मी तुम्हाला खूप कविता ऐकवल्या. आज कविता नाही. सदू परब माझा विद्यार्थी. मागे राहून माझ्याबद्दल बोलायचं ते त्याने. उलटं झालं.

गिरण्यांच्या संपानंतर भोंगे थांबले. दुपारी वर्ग फार शांत असायचा, आणि मी कवितेचा अन्वय लावून घ्यायचो. कवीने मागेपुढे ठेवलेले शब्द सरळ वाक्यात आणायचे. आधी कोण, मग त्याने काय केलं. सदू त्यात पटाईत. त्याचे बाबा तेव्हा घरी बसलेले. गिरणीच्या गेटवर इंग्रजी नोटीस लागली होती. सदू म्हणाला, "सर, बाबांना काढलंय. पण का, ते कळू नये असं लिहिलंय."

त्याच गिरणीच्या जागेवर, लोअर परळला, सदू प्रोग्रामर झाला. प्रोग्राम तपासून चुका सांगतो तो कंपायलर. तो सांभाळायचं काम सदूकडे. जेनेरिक कोड म्हणजे एकच साचा, आकड्यांना चालेल, नावांनाही चालेल. गिरणीत मागाला साचा म्हणतात, त्यामुळे बाबांना वाटलं, पोरगा पुन्हा साच्यावर लागला. पण या साच्यात चूक झाली की कंपायलर पानभर बडबडायचा. "अगदी तुमच्यासारखा, सर," सदू म्हणायचा. "चूक एका ओळीची, व्याख्यान तासभर."

त्याने त्या पानाचा अन्वय लावला. कंपायलर सांगू लागला: ‘या ओळीत तू गिऱ्हाइकांची यादी क्रमाने लावायला दिलीस. दोघांत आधी कोण, हे कुठेच सांगितलं नाहीस.’ मराठीच्या मास्तरालाही कळलं.

पुढे काय झालं? पहिल्या रांगेत हार घेऊन बसलेले त्याच्या कंपनीचे साहेब सांगतील? मीच सांगतो. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "परब, हे बालवाडीचे लाड बंद. ज्याला वाचता येत नाही त्याने घरी बसावं." घरी बसावं. गिरणी कामगाराच्या मुलाला. आणि कंपायलरमधले त्याने लिहिलेले संदेश काढून टाकलेत.

तो हृदयविकाराने गेला. ते तुमच्या माथी मारत नाही. संदेश पुसल्याचं मात्र मारतो.

ऑफिसात त्याचा फोटो लावणार म्हणे. फोटो नको. तुमच्याकडची पोरं आजही ते पान चाळत बसतात. त्याची वाक्यं परत घाला. घालणार का?

मंडळी, सदूसाठी उभे राहू. कोणी बोलू नका. साहेब, तुम्ही मात्र बोला. हो किंवा नाही, एका शब्दात. तो ऐकायलाच आम्ही गप्प उभे आहोत.