कलम सतरा, पोटकलम ब

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या कंपनीचे संचालक साहेब, प्रमुख पाहुणे वकील साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आणि समोर बसलेले माझे सहकारी, ज्यांच्यापैकी निम्म्यांचा जीव मागच्या टेबलावरच्या चहात अडकला आहे, त्या सर्वांना माझा नमस्कार.

आज माझ्या निवृत्तीच्या निमित्तानं माझ्याविषयी तुम्ही सगळे फार चांगलं बोललात. एकीनं तर मला कंपनीचा कायदेशीर कणा म्हटलं. ऐकायला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वकील साहेब समोर आहेत, तेव्हा सांगून टाकते. मी कायदा शिकलेली नाही. इथे येण्याआधी चार वर्षं एका वकिलांकडे टायपिंग करत होते, एवढंच. माझ्या टेबलावर 'विधी विभाग' अशी पाटी आहे. तो विभाग म्हणजे मी आणि एक कपाट.

आपलं काम काय, तर ज्यांनी मागितल्या नाहीत त्यांना जाहिरातींचे मेल पाठवणं. गाद्या, गुडघ्याचे पट्टे, केसांची तेलं. अकरा वर्षांपूर्वी तक्रारी वाढल्या, तेव्हा साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, तुम्हाला ती कोर्टाची भाषा येते ना? मेलच्या तळाशी असं काहीतरी टाका, की वाचणारा गप्प बसेल."

मी डबा खाण्याआधी लिहून दिलं. "सदर मेल कलम सतरा, पोटकलम ब अन्वये अवांछित ठरत नाही. सात दिवसांत लेखी नकार न आल्यास, आपली संमती गृहीत धरली जाईल. त्यानंतर तक्रार केल्यास आपण कारवाईस पात्र राहाल."

वकील साहेब, शोधू नका. असं कलम कुठेच नाही. सतरा हा आकडा मला त्या वेळी भारदस्त वाटला.

आता थोडं घरचं सांगते. मला एक थोरली बहीण आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. तीस वर्षं तिनं शाळेत शिवण शिकवलं. यजमान गेल्यापासून दुसऱ्या गावी दोन खोल्यांत एकटी राहते. मीही इथे एकटीच. दर रविवारी मी तिला मेल लिहायचे, आणि सोमवारी तिचं उत्तर यायचं: काय शिजवलं, काय शिवलं, शेजारीण काय म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी ती उत्तरं थांबली. फोनही बंद. त्याआधी एकदा फोनवर मी तिला तोडून बोलले होते, "अक्का, मला रोज रोज वेळ नसतो गं." मला वाटलं, ती रुसली. आपणच का नमतं घ्यायचं, म्हणून मीही हट्टानं बसले. दोन वर्षं माझे रविवार कसे गेले, ते माझ्या खोलीच्या भिंतींना विचारा.

शेवटी गेल्या वर्षी राहवलं नाही, गेले. तिनं दार साखळीइतकंच उघडलं. आधी माझ्या मागे जिन्यात कोणी आहे का ते पाहिलं, मग मला आत घेतलं. कॉम्प्युटरवर चादर टाकलेली. फोन कपाटात, साड्यांखाली.

म्हणाली, "तुझी नोकरी कायद्याचीच ना? मग मला खरं सांग, ते मला धरून नेतील का?"

तिला गुडघ्याच्या पट्ट्याचा मेल आला होता. नाव काढा म्हणून तिनं खालचं बटण दाबलं, तर दिवसाला दहा यायला लागले. रागानं तक्रार केली, आणि मग तळाची ओळ वाचली. सात दिवस उलटून गेले होते. तिनं ती ओळ वहीत उतरवून घेतली होती. मी वाचली. 'आल्यास'नंतरचा तो चुकीचा स्वल्पविरामसुद्धा माझाच होता.

"कोणी येत नाही, अक्का. ते खोटं आहे."

"मग लिहितं कोण असलं?"

मी म्हटलं, "चहा टाकते."

परत आल्यावर मी साहेबांना विनंती केली, ती ओळ काढू या. ते हसून म्हणाले, "बाई, त्या ओळीनंच तर तक्रारी निम्म्यावर आणल्या." साहेब, तुम्ही आत्ता खाली बघताय, पण दोष तुमच्या एकट्याचा नाही. मी राजीनामा देऊ शकले असते. निवृत्तीला वर्षच उरलं होतं, म्हणून दिला नाही. अक्का पुन्हा फोन उचलायला लागली, आणि मी तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले.

आज सकाळी इथे यायच्या आधी मात्र तिला सांगितलं. ती ओळ मी लिहिली.

ती म्हणाली, "दोन वर्षं मी दुपारीसुद्धा कडी लावून बसत होते गं." आणि फोन ठेवला. त्यानंतर मी तीनदा लावला. उचलत नाही.

वकील साहेब, माझा लेखी जबाब मी तुमच्या फाइलखाली ठेवला आहे. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलंत, ही फुलं दिलीत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं समजून घ्या. चहाला मात्र मी थांबत नाही. सव्वापाचची बस आहे, अक्काच्या गावाची. ती दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. नाही उघडलं, तर जिन्यात बसेन.