सातव्या प्रश्नाचं हिरवं उत्तर

नाही मॅडम, ते 'बसा, शांतपणे वाचा' मला नका सांगू — दुपारची गाडी यायला अर्धा तास आहे, आणि हॉस्पिटलच्या मळक्या चादरी कुणासाठी थांबत नाहीत. तुम्ही तीन कागद मांडलेत ना? मांडा. एक नंबर — मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, खाली दहा प्रश्न. दोन नंबर — मोबाईलवरच गोष्ट, हे बटण दाबलं की गोष्टीतली बाई बचावते, ते दाबलं की तिला इजा होते. तीन नंबर — थोडं मोबाईलवर, आणि उरलेलं इथे लाँड्रीत, गठ्ठे सोडायच्या टेबलाशी, जुन्या बाईच्या शेजारी उभं राहून. बरोबर? चौथी शिकलेय, पण कान शाबूत आहेत माझे. सोमवारी नऊ नव्या बाया कामावर येणार, त्यांना यातलं काय द्यायचं ते तुम्ही आज ठरवणार, आणि 'अनुभवी कामगार' म्हणून त्यावर सही माझी. मग ऐका. एक नंबर फाडा. — का म्हणजे? तोच तर वर्षभर चालू आहे! तुम्हीच केलेला. नुसतं निळ्याचं जांभळं केलंत, आणि मिशीवाला डॉक्टर जाऊन हसरी बाई आली.

— स्वस्त पडतो, हो, ऐकलं. सगळ्यांना शंभरपैकी शंभर मिळतात — अहो, तेच तर म्हणतेय! सगळ्यांना शंभर मिळतात तेव्हा कुणालाच काही येत नसतं, एवढं तुमच्या कॉलेजात नाही शिकवलं? चुकलं की लाल येतं, परत दाबायचं, परत दाबायचं, हिरवं येईपर्यंत. माझी नात दीड वर्षाची आहे, तीही पास होईल. आणि तुमचा तो सातवा प्रश्न — पाठ आहे मला — 'गठ्ठ्यात हात घालण्यापूर्वी काय कराल?' हातमोजे घालीन, मास्क लावीन, हात धुईन, सुपरवायझरला विचारीन. हिरवं कुठलं? हातमोजे. अहो बाई, गठ्ठ्यात हात घालायचाच नसतो! प्रश्नातच हात घातलाय तुम्ही! चादरीत सुई राहते, एखादं पातं राहतं, कुणीतरी नर्स घाईत विसरते — तिला तरी काय बोलायचं, तिच्यापुढे माणूस तडफडत असतो. सुईपुढे हातमोजा म्हणजे दुधावरची साय. बावीस वर्षं या टेबलाशी उभी आहे मी. कोपरा धरायचा, टेबलावर सोडायचा, चादर आपली आपण उलगडते, आत जे असेल ते खणकन बाहेर पडतं. आधी डोळे, मग हात. अर्ध्या मिनिटाचं काम! आणि ते तुमच्या चार उत्तरांत कुठेच नाही. अकरा वेळा सोडवला मी तो प्रश्न, अकराही वेळा हसले, म्हटलं बघा, एवढी शिकलेली माणसं —

— काय? अकरा कसे? म्हणजे आपलं... बोलायची पद्धत. — हो, कोर्स एकीला एकदाच देतात, माहितेय मला. — असं बघू नका माझ्याकडे. ...आधी ते दार लावा.

हो. मीच दिल्या परीक्षा. चहाच्या सुट्टीत सगळ्या जणी इस्त्रीच्या टेबलावर फोन ओळीने मांडायच्या, पंगतीत ताटं मांडतात तसे, आणि मी या टोकाकडून त्या टोकाकडे दाबत जायची. का? कारण त्यांतल्या सहा जणींना वाचताना ओळीवर बोट फिरवावं लागतं, आणि तुमचा प्रश्न वीस सेकंदांत पळून जातो! पास नाही तर शिफ्ट नाही. मग काय करायचं होतं, घरी पाठवायचं त्यांना? मला वाटायचं, पुण्य करतेय मी. — लिहा, लिहा, थांबलात कशाला?

अकरावा फोन माझ्या भाचीचा. धाकट्या बहिणीची मुलगी — भिंगरी म्हणतो आम्ही तिला, एका जागी ठरत नाही म्हणून. दहावी झालेली पोर. व्हिडिओ दोनदा बघितला होता तिने, वहीत उतरवून घेतलं होतं. म्हणाली, मावशी, माझं मी करते, मला येतं वाचता. आणि मी काय केलं? दे इकडे शहाणे, घंटा होईल आता — म्हणत हिसकावला तिच्या हातातून. टेबलाशी उभी करून कोपरा दाखवणारच होते तिला. देवाशप्पथ दाखवणार होते. आज मशीन अडली, उद्या गाडी लवकर आली... फोन हिरवा झाला होता ना, मग सुपरवायझर म्हणाला, पास आहे, लाव एकटीला. तिसऱ्या दिवशी हातमोजे घातले तिने, अगदी तुमच्या व्हिडिओत आहे तसे, मनगटापर्यंत ओढून — आणि कोपरापर्यंत हात घातला गठ्ठ्यात. मोजा काढला तर एवढासा टिपका, डास चावल्यासारखा.

रक्ताचे दोन रिपोर्ट चांगले आलेत. शेवटचा गुरुवारी. घरात तिने आपला पेला वेगळा ठेवलाय — डॉक्टर म्हणाले त्याची काही गरज नाही, आईने ओरडून सांगितलं, तरी ठेवलाय. बहिणीला मी काय सांगितलं? सांगितलं, कंपनीचा कोर्सच भिकार आहे. खोटं आहे का ते? नाही. खरं आहे का? ...तेही नाही.

— काय म्हणतेस मॅडम, दोन नंबर? त्यात चूक केली की काय होतं ते दिसतं? दिसतं की. व्हिडिओपेक्षा खूप बरा. पण पोरी, तीही बटणंच ना? तीही मीच दाबीन, ओळीने, पंगतीत! गोष्टीतल्या बाईला सुई टोचली, तर समोरच्या बाईचा हात शिकेल का? — महाग, हो, तीन नंबर महाग आहे. टेबल अडतं, माझा वेळ जातो, कळतं मला. बरं, ऊठ. ऊठ ना! हे मोजे घाल. हा घे गठ्ठा. उघड.

...

थांब! हलू नको. काढ हात. हळूच. ओढू नको. — बघू बोटं. — काही नाही झालं, पांढरी का पडलीस? धुतलेल्या चादरी आहेत, आत लागला तो चहाचा चमचा आहे, सकाळी मीच ठेवलाय, तू येणार म्हणून. आत्ता, या इथे बसून सांगितलं ना तुला, कोपरा धर म्हणून? मान डोलावलीस. लिहूनसुद्धा घेतलंस! आणि मोजे चढल्याबरोबर घातलास ना हात? तूही घातलास.

लिही तीन नंबर. दे पेन, करते सही. आणि खाली अकरा फोनांचंही लिही, माझ्या तोंडासमोर लिही, मागाहून नको. मला काढतील तर काढू देत — पण सोमवारी त्या नऊ जणींना या टेबलाशी उभं करू देत मला, कोपरा धरायला लावू देत एकेकीला, मग काढा म्हणावं. — अगं, मोज्याने डोळे नको पुसूस! काढ ते आधी, त्या पिंपात टाक.

गाडी लागली बाहेर. चल, वाट सोड.