जेलीफिश वर, शंख खाली

जेजू बेटावरच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या ओक्सिमच्या मागे समुद्रात बुडी मारून शंख काढणाऱ्या दोघी बोलत होत्या.

“मावशी, हात बघा किती सुजलाय. मी आता पाण्यात उतरणार नाही. नवराही नको म्हणतोय.”

“एका जेलीफिशला घाबरलीस? अगं, ती वरच्या पाण्यात तरंगते. आपले शंख तळाला, खडकांत. तिथं ती फिरकत नाही.”

“पण श्वास घ्यायला वर यावंच लागतं ना?”

“यायचं की. हात आवरून, तोंड मिटून.”

“एवढं कळतं, तर तुम्ही दवाखान्यात कशाला आलात?”

ओक्सिमला राहवलं नाही. तिनं वळून पाहिलं. म्हातारीनं तोंडावरचा रुमाल काढला. ओठ वांग्यासारखा टम्म फुगला होता.

“वर येताच तिला शिव्या दिल्या. उद्या पहाटे ये, पोरी.”

“उद्या पहाटे भरती आहे, मावशी. मी दुपारी ओहोटीला, जेवूनच येते.”