लिनक्स टाकल्याचा सत्कार

फलटण स्टँडवर दहिवडीच्या गाडीसाठी रांगेत उभा होतो. पुढं एक रिटायर गुरुजी आणि त्यांच्या गावचा आकाराम.

“शाळेचे बारा जुने कॉम्प्युटर चालू केले म्हणून माझ्याच हाताखाली शिकलेल्या त्या जयराजला फेटा बांधायचा? विंडोजच्या जागी टाकायचं ते लिनक्स फुकट मिळतं रं! एक ओळ टाईप केली, की पायजे ते सॉफ्टवेअर आपोआप उतरतं.”

“आवं गुरुजी, मग तुमी का न्हाई केलं?”

“मला कुणी विचारलं?”

“सत्काराच्या भाषणात त्यानं तुमचंच नाव घेतलं. कॉम्प्युटरला पहिला हात गुरुजींनी लावू दिला, म्हणला.”

“कवा?”

“तुमी रागानं उठून गेल्यावर.”

गाडी लागली. रांग हलली, गुरुजी हलले नाहीत.

“टाळ्या वाजल्या का रं?”